पाच तारखेचा फोन

९ ऑक्टोबर
आज नाक कापलं गेलं. शेजारच्या सुतार मेस्त्रीला मोबाईल घेऊन द्यायला दुकानात गेलो. पैसे मेस्त्रीचे, कार्ड माझं. कार्डावर सूट मिळते म्हणून. मशीनला लावलं, चालंना. परत लावलं. दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, दुसरं कार्ड हाय का?"

दुसरं कुठलं आलंय. आख्ख्या गल्लीत क्रेडिट कार्ड माझ्या एकट्याकडं. ह्या चार-पाच महिन्यांत चार मोबाईल, एक टीव्ही, एक मिक्सर माझ्या कार्डावर दुसऱ्यांच्या घरी गेलं. "सुभेदारांच्या कार्डावर घेतलंय" असं सांगत्यात लोक. ऐकून लय बरं वाटायचं, खोटं कशाला लिहू.

घरी येऊन चष्मा लावून मेसेज बघितला. इंग्रजीत. तुमचं कार्डाचं खातं बंद केलं हाय. का, कशासाठी, एक अक्षर न्हाई.

सुमन म्हणाली, "बरं झालं. दारातली रांग तरी हटंल."

१० ऑक्टोबर
सकाळी कस्टमर केअर. अर्धा तास नुसतं गाणं ऐकलं. मग एक पोरगी. "सर, बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार." अगं, पण धोरण म्हणजे काय? हप्ता थकला का माझा? "सर, कारण मला इथं दिसत नाही." आयुष्यभर फौजेत काढलं, तिथं शिक्षा देतानाबी गुन्हा वाचून दाखवत्यात.

फोन ठेवला आणि एकदम डोक्यात आलं. बाजीचा फोन आलेला न्हाई.

बाजी आटपाडीचा. फौजेत बारा वर्षं एका कंपनीत होतो, तो हवालदार म्हणून रिटायर झाला. मार्चमधी त्याला कडबा कुट्टीचं, म्हणजे वैरण बारीक करायचं मशीन माझ्या कार्डावर घेऊन दिलं, बारा हप्त्यांनी. दर महिन्याला माझ्या पेन्शनच्या खात्यावर पैसे टाकतो आणि पाच तारखेला फोन करतो. "दत्त्या, टाकलं रं. बघ." मग अर्धा तास गप्पा. गुडघे, पाऊस, आपल्यातलं कोण गेलं, कोण हाय. एक महिना चुकला न्हाई. ह्या पाच तारखेला फोन न्हाई.

म्हणजे ह्यानंच बुडवलं. डोस्क्यात तिडीक गेली, तसाच फोन लावला. काय बोललो ते लिहून ठेवतो. "बाजी, तुझ्यापायी माझं कार्ड गेलं. हप्ता बुडवायचा हुता तर मशीन घेतलंस कशाला? तुझ्यासारख्या कोरडवाहू माणसाच्या नादाला लागलो ही माझीच चूक." तो म्हणत होता, "दत्त्या, ऐक की, आत्ता हितं..." मागं माणसांचा आवाज, कपबश्यांचा आवाज. फायरिंगनं त्याचा एक कान गेलाय, फोन कायम स्पीकरवर ठेवतो. सगळ्यांनी ऐकलं असणार. ऐकू दे. "ऐकायचं काय राहिलंच न्हाई," म्हटलं आणि ठेवला.

सुमन: "आवं, एकदा विचारायचं तरी." तिच्यावरबी ओरडलो.

११ ऑक्टोबर
बाजीचे पैसे आले. राहिलेले सगळे हप्ते एकदम. सुमननं मेसेज दाखवला. फोन मात्र न्हाई.

मी म्हटलं, "बघ. दम दिला की निघतोय पैसा." सुमन भाकरी थापत राहिली.

बीपी वाढलेलं. डॉक्टर म्हणे, मीठ कमी करा.

१३ ऑक्टोबर
बँकेत गेलो. पासबुक छापून घेतलं.

बाजीचा हप्ता ३ तारखेला जमा. दोन दिवस आधीच. कार्डाचं बिलबी वेळेत कटलेलं. थकबाकी शून्य.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, जमा झाल्याचा मेसेज आला असेल की." असणारच. माझ्या फोनमधी चारशेच्या वर मेसेज पडून हायत, न उघडलेले. मी कवा मेसेज बघितलेत? बाजीचा फोन हाच माझा मेसेज.

बाहेर पायरीवर बसलो आणि त्याला फोन लावला. उचलला न्हाई. तीनदा लावला. वॉचमन म्हणाला, काका, पाणी देऊ का. नको म्हटलं. काय करून बसलो मी.

१४ ऑक्टोबर
मग कार्ड बंद का केलं? परत बँकेत. कालच्याच बाई. त्यांनी नीट समजावलं. आधी लेखी तक्रार द्या. कारण लेखी मागा. तक्रारीचा नंबर घ्या, जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं न्हाई, किंवा आलं आणि पटलं न्हाई, तर वर बँकांचा लोकपाल हाय. तवर कार्डावरचं काय राहिलं असेल ते भरत ऱ्हावा, कार्ड बंद झालं म्हणून देणं बंद होत न्हाई. लाईटबिल कार्डातून आपोआप जात असेल तर ते बदला. ते जात होतंच. बदललं.

अर्ज लिहिला. चार ओळी देतो: "कोणतीही पूर्वसूचना न देता, कारण न सांगता, बाजू मांडण्याची संधी न देता माझे खाते बंद करणे हा माझ्यासारख्या माजी सैनिकावर अन्याय आहे. इतक्या वर्षांत माझा एकही हप्ता चुकलेला नाही." तीनदा वाचला. ठणठणीत झालाय. सुमनला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "झ्याक लिहिलाय. बाजीभावजींना पण एक प्रत धाडा."

लय झोंबलं. जेवलो न्हाई.

१६ ऑक्टोबर
बाजीला दोनदा फोन. रिंग जाते. कट करत न्हाई, उचलतबी न्हाई.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सुमननं ओवाळलं. दरवर्षी दिवाळीच्या आधी आटपाडीवरनं डाळिंबाची पेटी येते, एसटीच्या पार्सलनं. वर बाजीच्या मोडक्या अक्षरात "सुभेदार, सातारा". ह्या वर्षी न्हाई. स्टँडवर जाऊन विचारून आलो, उगंच. पार्सलवाला म्हणाला, तुमचं काय न्हाई बाबा.

मेस्त्रीनं मोबाईल घेतला. पुतण्याच्या कार्डावर. दाखवायला आला होता, पेढा दिला. पंधरा दिवसांत गल्ली मला विसरली. ज्या मोठेपणासाठी एवढं केलं तो पंधरा दिवससुद्धा टिकला न्हाई.

२७ ऑक्टोबर
बँकेचं उत्तर आलं. दोन पानं. सुमनला समोर बसवून वाचलं.

कार्ड फक्त स्वतःच्या वापरासाठी असतं. माझ्या कार्डावर थोड्या महिन्यांत एकसारखे मोबाईल, मशीन, टीव्ही. बँकेला वाटलं हा माणूस कार्डावर धंदा करतोय. हे असं कलम अर्जावरच होतं म्हणे, सही माझी हाय. म्हणून त्यांनी खुलासा मागितला. एक ईमेल ऑगस्टमधी, एक सप्टेंबरमधी. आणि सप्टेंबरमधीच एक फोन.

तो फोन मला आठवतोय. बाई म्हणत होती, "सर, ह्या वस्तू तुम्ही स्वतःसाठी घेतल्या आहेत का?" मी तिला म्हटलं, "चोरट्यांनो, म्हाताऱ्याला लुटता व्हय!" आणि नंबर ब्लॉक केला. स्टँडच्या कट्ट्यावर ही गोष्ट मी रंगवून सांगितली होती. सगळे हसले होते. ईमेल तर मला कसा उघडायचा हेच ठाव न्हाई, जावयानं काढून दिलेला.

म्हणजे बँकेनं मला विचारलं. एकदा न्हाई, तीनदा विचारलं. मी बाजीला एकदा तरी विचारलं का?

अर्जाची झेरॉक्स टेबलावर होती. "बाजू मांडण्याची संधी न देता." उलटी करून ठेवली.

२९ ऑक्टोबर
आटपाडी. पहाटेची गाडी, विट्यात बदलली. सोबत कंदी पेढे.

बाजी दारात होता. मला बघितलं, उठून उभा राहिला. म्हणाला, "या साब. बसा."

साब. परेडवर म्हणायचा तेवढंच. परेड सुटली की दत्त्या. बर्फात एका मगात चहा प्यालो, तिथं दत्त्या. माझा बाप गेला तवा खांद्यावर हात ठेवून, "दत्त्या, रड गड्या." आज साब, आणि तुमी.

मी म्हटलं, "बाजी, चुकलो. हप्ता आधीच आलता. मीच बघितलं न्हाई. कार्डबी माझ्याच चुकीनं गेलं. माफ कर."

तो म्हणाला, "तुमचं सगळं पैसं मिळालं न्हवं? मग झालं की साब." आणि वैरण टाकायला गोठ्याकडं गेला. कुट्टीचं मशीन ताडपत्री टाकून झाकून ठेवलेलं. वैरण कोयत्यानं तोडत होता.

हिराबाईंनी चहा आणला. ही बाजीची बायको, सुमनपेक्षा बोलकी. आज जमिनीकडं बघून बोलत होती.

"भावजी, त्या दिवशी मलकापूरचं पावणं आलं हुतं. आमच्या मनीला बघायला. पोहं झालं, चहा चालला हुता. तुमचा फोन आला तसं ह्यांनी हौसंनं उचलला. पावण्यांना म्हणलं, 'ह्यो माझा सुभेदार. माझ्याबद्दल काय इचारायचं ते ह्यालाच इचारा.' आन् फोन मधी ठेवला."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मग पावणं काय म्हणालं?"

"काय म्हंत्यात. कळवतो म्हणलं आन् उठलं. आज एकोणीस दिस झालं."

पाच तारखेला फोन का केला न्हाई, ते मी विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, "पैसं टाकल्याचं आन् मनीचं जमल्याचं संगटच सांगायचं म्हणून थांबलं हुतं. म्हणलं, एकदम दत्त्याला सांगतो, लग्नात म्होरं तूच उभा ऱ्हा."

आणि ते एकदम पाठवलेले पैसे? कालवड विकली. मनीनंच वाढवलेली.

बाजी स्टँडपर्यंत सोडायला आला. माझी पिशवी त्यानंच धरलेली, देतच नव्हता. गाडी हलेपर्यंत उभा होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० ऑक्टोबर
सुमनला सगळं सांगितलं. ती पदर लावून रडली. म्हणाली, "पोरीचं काय हो चुकलं?"

कायबी न्हाई. माझ्या तोंडाचं चुकलं.

मनी बी.एस्सी. झाली तवा सगळ्यात आधी मला फोन केला होता. "काका, फर्स्ट क्लास."

२ नोव्हेंबर
मलकापूर. बाजीला न विचारता गेलो. पत्ता हिराबाईंकडनं फोनवर घेतला. पासबुक आणि बँकेची दोन पानं बरोबर.

पावण्यांचं किराणाचं दुकान. गिऱ्हाईक होतं. ते म्हणाले, आत बसू. मी म्हटलं, नको. चारचौघात बोललो होतो, चारचौघातच परत घेतो. सगळं सांगितलं. पासबुकातली ३ तारखेची ओळ दाखवली. "बुडवणारा बाजी न्हवं. न बघणारा मी. कुणाची पै त्यानं कधी ठेवून घेतली न्हाई. मी म्हातारा अहंकारानं बोललो." तेल घ्यायला आलेली बाई थांबून ऐकत होती.

पावणे शांत माणूस. म्हणाले, "सुभेदार, हप्त्याचं आमी मनात धरलं न्हाई. हप्ते कुणाचे थकत न्हाईत? पण एवढा जुना दोस्त असा बोलतोय, मग घरातच काय तरी असणार, असं आमच्या आईला वाटलं."

खरंच होतं ते. दोस्ताच्या तोंडचं लोक खरं धरणारच.

"आईला सांगतो," म्हणाले. "पोरगी आमालाबी पसंत हुती. बघू." चहा दिला. हुती म्हणाले, हाय म्हणाले न्हाईत. गाडीत बसून तेवढंच आठवत राहिलो.

४ नोव्हेंबर
बँकेतल्या बाईंचा फोन. सहा महिन्यांनी नवा अर्ज करता येईल, रेकॉर्ड चांगलं हाय, स्वतःपुरतं वापरा, मेल बघत जा. लोकपालाकडं जायचं तरी अजून मुदत हाय म्हणाल्या. काय करताय, काका?

म्हटलं, लोकपालाकडं काय म्हणून जाऊ. तुमचं बरोबर होतं.

कार्डाचे कात्रीनं चार तुकडे केले, त्यांनीच सांगितलेलं. सुमननं मेसेज कसे उघडायचे ते शिकवलं. दोन तास बसून जुने वाचत होतो. बाजीच्या हप्त्यांचे सात महिन्यांचे सात. एकदा ४ तारीख, एकदा १, एकदा २. पाचच्या पुढं एकबी न्हाई.

५ नोव्हेंबर
सकाळपासनं फोन खिशात. सुमन म्हणाली, आता कशाचा हप्ता, कशाचा फोन? माहीत हाय. तरीपण.

दुपारी साडेचारला वाजला. आटपाडीचा.

"हॅलो." मी.

मागं कुट्टीचं मशीन चालू असल्याचा आवाज. मग बाजी: "तुमी मलकापूरला गेलता?"

"व्हय."

"कुणी सांगितलं जायाला?"

"कुणी न्हाई."

मी विचारणार होतो, पावण्यांचा काय निरोप? मनी कशी हाय? ह्या वेळी तोंड बंद ठेवलं. त्याला बोलायचं असेल तर बोलू दे म्हटलं. मशीनचा आवाज बंद झाला. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," म्हणाला. आणि ठेवला.

सुमन विचारतीय, काय म्हणाले भावजी? काय सांगू. अजून तुमीच म्हणतोय. पण फोन त्यानं पाच तारखेला केला.