ताणावरची बाग

आबा, तुमच्या बागेला लागून आता घरं झालीत. उगवतीला रस्त्याकडचं जे तुमचं कापसाचं काळं रान होतं, ते धाकट्या भावानं विकलं. वाटणी तुम्हीच केली होती, रस्त्याकडचं रान त्याला अन् मोसंबीची बाग अन् विहीर मला. नवरा गेल्यावर मी माघारी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "लेकीला पाण्याचं दिलंय, कुणी तोंड वाकडं करू नका." तेव्हा गाव म्हणालं, पोरीनं मोठा हात मारला. आता रस्त्याकडच्या जागेला सोन्याचा भाव आला, तर तेच गाव तिकडं बघतं अन् माझ्याकडं बघून हसतं. एकाला एक चिकटून रो-हाऊस उभी आहेत, मधून मांजर जाईल एवढीसुद्धा फट नाही, अन् दारोदार बोअर. त्यातलं बागेच्या भिंतीला लागून असलेलं घर धाकट्यानं स्वतःला ठेवून घेतलं. पुण्याची नोकरी संपली तसा बायकोला घेऊन इथंच येऊन राहिला. गच्चीवर झोका टांगलाय. मी खाली खुरपं घेऊन वाकलेली असते अन् वर झोक्याची कडी कुरकुरते. काय सांगू आबा, अंगाची नुसती आग होते.

बिल्डरच्या पाटीवर माझ्या बागेचा फोटो आहे, मला न विचारता काढलेला. खाली लिहिलंय, मोसंबीच्या बागेशेजारी निवांत घर. निवांत म्हणे! फवारणी केली की हीच माणसं खिडक्या लावून घेतात अन् मला फोन करतात, ताई, वास येतोय. शेणखत टाकलं की माशा होतात. त्यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या खालच्या सरीत उतरतं, त्याचा वास मात्र कुणाच्या नाकाला लागत नाही. विहीर तर दिवाळीलाच खाली जायला लागली. अन् आता बागेच्या दुसऱ्या अंगाला चार मजली बिल्डिंगी येणार आहेत. म्हणजे तिकडूनही बोअर, तिकडूनही घाण पाणी, अन् बाग मधे चिमटीत.

मागच्या ग्रामसभेत मी उठून हे सगळं बोलले. बिल्डिंगी नकोत असं म्हणाले नाही, माणसाला घर लागतंच. गटारीचं पाणी दुसरीकडं काढा, विहिरीच्या जवळ बोअर घेऊ नका, बागेला लागून थोडी जागा मोकळी सोडा, एवढंच म्हणाले. मागून कुणीतरी बोललं, "अक्का, भावाचं बघून जळून राह्यलीस का?" सगळी सभा हसली. सरपंच म्हणाले, "कॉलनीत राहणाऱ्यांची तर काहीच तक्रार न्हाई. त्यांच्यातल्या एकानं तरी सांगावं, मंग बघू." मी खाली बसले. पाणी आटून राह्यलंय हे खरं, अन् मी जळून राह्यले हेही खरं. एक खरं निघालं म्हणून दुसरं खोटं होतं का?

जळणं काही आजचं नाही. रामनवमीला तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन जांबच्या जत्रेला गेल्ता, मला बागेत पाणी धरायला ठेवून. येताना त्याच्या हातात पत्र्याची मोटार होती, अन् माझ्यासाठी रेवड्या. त्या मी चुलीपुढं बसून एकेक करून खाल्ल्या अन् मोटारीकडं बघत राहिले. त्याला शाळेसाठी शहरात ठेवलं, मला बागेत. तो सुट्टीला आला की तुम्ही त्याला उन्हातसुद्धा जाऊ देत नव्हता.

पण एक गोष्ट फक्त माझी आहे. मी लहान होते, हिवाळ्याचे दिवस, बाग ताणावर सोडलेली. पाणी बिलकुल बंद. पानं पिवळी पडून गळत होती अन् मला ते बघवेना. कडेच्या एका झाडाला मी विहिरीवरून कळशी कळशी पाणी आणून घातलं. तुम्ही बघितलं अन् असे ओरडलात की हातातली कळशी पडली. "बहार मारतीस का माझा? तहान लागू दे त्याला! तहानेशिवाय फूल येत न्हाई, नुसता पाला येतो." मग मी रडते म्हणून की काय, खाली बसलात अन् एक फांदी माझ्यापुढं वाकवली. दुपारी पान वळलं तर घाबरायचं नाही, म्हणालात, ते उन्हानं वळतं. पण पहाटे गारव्यातही पान वळलेलंच दिसलं, की समजायचं झाडाची हद्द झाली, त्या दिवशी पाणी सोडायचं. पाणी कधी सोडायचं ते आजूबाजूचे बागवाले तुम्हाला विचारायला यायचे. तुम्ही हसून दिवस सांगायचात, पानाचं कुणाला सांगत नव्हता.

यंदा बाग ताणावर होती. सगळी बाग पिवळी, अन् भिंतीकडची ओळ हिरवीगार, कोवळी पालवी फुटलेली! आधी वाटलं गटार फुटली. मग वर बघितलं, तर धाकटा गच्चीवरून पाइप लावून माझ्या झाडांवर पाणी मारत होता. मी खालूनच ओरडले, "अरे काय करून राह्यलास? बहार मारलास माझा!" माझ्या तोंडातून तुमचाच आवाज निघाला. तो पाइप तसाच टाकून खाली आला. केस पांढरे झालेला माणूस, चेहरा पार उतरलेला. म्हणाला, "सुकून चालली होती अक्का. मला वाटलं विहीर आटली म्हणून तुझ्याच्यानं पाणी देणं होईना. आबांची झाडं हायेत, बघवलं न्हाई मला."

मी ताण म्हणजे काय ते सांगितलं. कळशीचंही सांगितलं, अन् तुम्ही कसे ओरडलात तेही, जरा तोऱ्यातच. त्यानं हात पुढं करून कोवळी पालवी बोटांत धरून बघितली. मग म्हणाला, "तुला ओरडले तरी. मला आबा कधी ओरडलेच न्हाईत. पाहुण्यासारखा आलो, पाहुण्यासारखा गेलो. तुझा लई हेवा वाटायचा मला." आबा, खरं सांगते, त्या वाक्यानं मला जेवढं गार वाटलं तेवढं आयुष्यात कशानं वाटलं नव्हतं. आणखी दोनदा म्हण, असं सांगावंसं वाटलं.

ग्रामसभेत मी बोलतो, तो म्हणाला. कॉलनीचा माणूस म्हणून, स्वतःचा बोअर पहिल्यांदा बंद करतो म्हणून. "पण मला ताण शिकव. भिंतीकडची ओळ मला सांभाळू दे. आबांचं एक तरी काम यावं मला." नाही कशी म्हणू? त्याच्याशिवाय माझं कुणी ऐकणार नाही, अन् बाग गेली तर तुमचं काय राहतं माझ्याकडं? मग शिकवलं. माती मुठीत कशी दाबून बघायची, पानगळ किती होऊ द्यायची, पाणी सोडताना पहिलं हलकं कसं द्यायचं. तो पोरासारखा मागं मागं हिंडला. शेवटी विचारलं, "बस, एवढंच?"

मी म्हणाले, "एवढंच."

उद्या सभा आहे. तो बोलणार, बराबर बोलणार, मला खात्री आहे. आत्ता चहाला येतोय, त्याच्या आधी हा कागद चुलीत घालते. पहाटेच्या पानाचं मी त्याला सांगितलं नाही, आबा. अन् तो उशिरा उठतो, त्याचं त्याला ते दिसायचं नाही.