शून्य नंबरचा चष्मा

३ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाहून वाटलं, पोरगी पत्र लिहितेय की दुकानाची पाटी रंगवतेय? पानभर चारच ओळी, त्याही चढणीला लागलेल्या. नंबर बदललाय, दुसरं काय! तिकडे कुणाकडून तपासून कळव, काचा मी घासून पाठवतो. पहिल्या चष्म्यापासून तुझी एकेक काच या हातांनी घासली आहे. दुसऱ्याच्या हातची काच तुझ्या डोळ्यांवर मला खपायची नाही.

छोटीचाही वर्षभरातला तिसरा चष्मा यंत्रावर घेतोय. सिलिंडरचा तिरका नंबर नुसता उड्या मारतोय. दिवसभर बाहीने डोळे चोळत असते. रागावलो तर म्हणते, खाज सुटते. चष्मेवाल्याच्याच पोरींना चष्मे, म्हणून गिऱ्हाइकं हसतात. मी सांगतो, घरची जाहिरात आहे.

छापखान्यात काम कसं चाललंय ते लिही. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे,
बाबा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नंबर कळवत नाही, कारण माझ्या डोळ्यांना आता चष्म्याचा नंबर चालतच नाही. तुम्हाला लागेल म्हणून लपवलं होतं. छोटीचं वाचलं आणि लपवण्यात अर्थ उरला नाही.

या आजाराला केराटोकोनस म्हणतात. बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा पातळ होत जातो आणि गोल राहायचा सोडून शंकूसारखा पुढे येतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर डोळ्याची स्वतःचीच काच वाकडी होते, मग तिच्यापुढे कितीही नेमकी काच धरा. चोळल्याने तो वाढतो. घराण्यातही असू शकतो.

माझ्या डाव्या डोळ्यात औषधाचे थेंब घालून त्यावर विशिष्ट प्रकाश सोडला. त्याने पडदा घट्ट होतो. गेलेलं परत येत नाही, पण वाढ थांबते. त्यावर आता कडक लेन्स घालते. उजव्याला मात्र व्रण पडलाय. त्याला कुणीतरी दान केलेला पडदाच बसवावा लागेल, त्याची वाट पाहतेय. छापखान्यात मुद्रितं तपासायला देत नाहीत, गठ्ठे बांधते. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकी वर्षं नंबर वाढत होता तर डोळ्यांच्या डॉक्टरला कधी दाखवलं नाही का. मी म्हटलं, चष्मे घरीच व्हायचे. बाबा, तुमचा चष्मा इतका नेमका असायचा की दर वेळी मला परत दिसायला लागायचं. म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

पाया पडते, छोटीचा चष्मा यंत्रावरून उतरवा. तिला डॉक्टरकडे न्या आणि बुबुळाचा आकार दाखवणारा नकाशा काढून घ्या. तिची वेळ अजून गेलेली नाही.

तुमची लाडकी,
थोरली

२० मार्च

ताई,
नमस्कार.

तू म्हणालीस तेच निघालं, दोन्ही डोळ्यांत. पण अगदी सुरुवात आहे. दोन्हीकडे प्रकाशाचा उपचार झाला. पहिले काही दिवस डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखलं, आता बरं आहे. वाढ थांबली का ते अधूनमधून तपासत राहणार आहेत.

बाबांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. थोरलीला या वयात आणली असती तर तिचा उजवा डोळा वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, बहुतेक वाचला असता. बाबांनी मान हलवली आणि माझी पिशवी उचलली. घरी आल्यापासून यंत्रावर बसलेले नाहीत. गिऱ्हाइकांना सांगतात, आधी डोळे डॉक्टरला दाखवून या, मग माझ्याकडे. निम्मी तर परत येतच नाहीत.

तू त्यांना काहीतरी लिही गं. माझं ते ऐकत नाहीत.

तुझी,
छोटी

२ एप्रिल

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

सोबत चष्मा पाठवतोय. फ्रेम तुझ्या जुन्या मापाची आहे. काचा शून्य नंबरच्या, सपाट आहेत. घासण्यासारखं त्यात काही नव्हतं. नुसत्या कापल्या आणि कडा गुळगुळीत केल्या. तरी पूर्ण दिवस गेला. एकीला तडा गेला, दुसरी कापली.

यातून तुला काही जास्त दिसणार नाही, हे मला माहीत आहे. चुकून हात डोळ्याकडे गेला, तर आधी काचेला लागेल. माझ्याच्याने आता एवढंच होण्यासारखं आहे. छोटीचा नंबर स्थिरावेपर्यंत तिलाही असाच करून दिलाय, ती झोपतानासुद्धा काढत नाही.

तुझं पत्र रोज वाचतो. अक्षराची थट्टा केली होती, ती मनावर घेऊ नकोस. ओळी कशाही चढू देत, पानावर एकच शब्द मावला तरी चालेल, पण लिहीत जा.

बापाने लेकीला असं लिहायची रीत नाही, तरी लिहितो. लोभ ठेव, ही विनंती.

बाबा