बारीक अक्षरातलं आयुष्य

अहो,

'प्रिय' लिहायची सवय नाही, म्हणून नुसतं अहो. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आज पहिल्यांदाच घरात एकटी आहे. जाण्याआधी तुम्ही आपल्या धाकट्या लेकीबद्दल बोललात. मी तुझ्याशी खोटं बोललो होतो, म्हणालात, काय ते सांगितलंत, आणि लगेच तुमची वाचा गेली. उत्तर ऐकायला थांबलात कुठे? जन्मभराची घाई! ते उत्तर माझ्याकडे तसंच राहिलंय. म्हणून हे पत्र.

पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय ते सांगता यायचं नाही.

आठवतं ना, नांदेडला ते सोनोग्राफीचं यंत्र नवंच आलेलं? नामांतराचा बंद होता, एस.टी. उभ्या होत्या, म्हणून थोरल्याला आणि मधलीला सासूबाईंजवळ ठेवून आपण पेडगावहून पॅसेंजरने गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. लेकराचे दोन डोळे, मोठाले. आणि डोळ्यांच्या वर काहीच नाही, नुसता अंधार. कवटी भरलीच नाही, म्हणाले. दिवस पूर्ण झाले तरी जन्मल्यावर काही तासांचंच आहे. आत्ता पाचवा चालू आहे, मोकळं होऊन जा.

मी रडायचंही विसरले. तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत आणि अगदी शांतपणे विचारलंत, "सटवाई पाचव्या दिवशी येऊन कपाळावर लिहिती. अजून लिहिलंच न्हाई, तर तुमी पुसायलाव कसं?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी बालवाडीची बाई, मॅट्रिकपर्यंत गेलेली. मी तुम्हाला समजावीन असं त्यांना वाटलं असणार. मी काय समजावणार? पोटात पोरगी पाय मारत होती. मला तुमचंच पटलं.

परतीला गाडी चुडाव्याला क्रॉसिंगसाठी थांबली. तुम्ही तांब्या भरून आणलात, मला पाणी दिलंत आणि मनातलं बोललात. या लेकराला पाचवा दिवस मिळणार नसेल, तर पाचवी आपण आधीच पुजायची. सटवाईला आधीच बोलवायचं. तिनं एकदा लांब आयुष्य लिहिलं की डॉक्टरांचं यंत्र काय करणार? असा उलटा हिशेब तुम्हालाच सुचावा!

सासूबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. कधी तुम्हाला वरच्या आवाजात न बोलणारी ती माउली त्या दिवशी कडक झाली. "आरं बाबा, पाचवी लेकराच्या मागून असती, म्होरं न्हाई. लेकरूच न्हाई तर ती लिहील कुठं? आन् एकदा आलेली ती न लिहिता माघारी जात न्हाई."

तुम्ही ऐकलं नाहीत. दिवेलागणीला जमीन सारवून पाटा मांडलात, वरवंट्याला हळदकुंकू लावलंत, पिठाचा दिवा ठेवलात, कोरा कागद आणि टाक ठेवलात. बाळंतिणीनं तिकडे बघायचं नसतं म्हणून मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत. मी बाळंतीण कुठे होते हो? पण बसले. लेकरू नाही, न्हाण नाही, बायका नाहीत, गाणं नाही. अशी पाचवी पेडगावात कोणी पाहिली नसेल.

आणि मग पाठीमागे तो आवाज सुरू झाला. करकर, करकर. पाटीवर पेन्सिल ओढल्याचा. बालवाडीत रोज ऐकणारी मी, मला तो आवाज कळणार नाही? पोटातली पोरगी एकदम निपचित झाली. कान देऊन ऐकत असल्यासारखी. मला वाटलं, उंदीर असेल. मी तुम्हाला हाक मारली.

"बोलू नको," तुम्ही कुजबुजलात. "लिहायली ती."

आवाज थांबल्यावर तुम्ही कागद उचलून दिव्याजवळ धरलात. कोराच होता. मग लिहिलं कुठे? ते ना तुम्ही विचारलंत, ना मी. सासूबाईंनी मात्र त्या दिवसापासून त्या खोलीत पाय ठेवला नाही.

पोरगी जन्मली ती भल्या सकाळी. सुईण तिला धुऊन लगबगीनं निघून गेली. भुवयांच्या वर कपाळ नव्हतंच. सासूबाईंनी तिथं मऊ धडपा गुंडाळला आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही धडपा जरासा सारून पाहिलंत, परत नीट केलात. तुमचा चेहरा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. मग तिची मूठ उघडलीत. किती वेळ बघत होतात! मूठ मिटवलीत आणि हसलात.

"कपाळ न्हाई म्हणून हातावर लिहिलं तिनं. समदं हाय गं. बालपण हाय, लगीन हाय, लेकरं हायेत. लय बारीक अक्षरात हाय, इतकंच. संध्याकाळपर्यंत पुरतं."

मी म्हटलं, मलाही बघू द्या. तुम्ही तिची मूठ आपल्या मुठीत धरलीत आणि शेवटपर्यंत सोडली नाहीत. राग आला होता मला. माझी लेक नव्हती का ती? पण तिचा श्वास चालू होता आणि तुम्ही तिला गोष्टी सांगत होतात. आता तू शाळेत चाललीस, आता आंबे पाडायलीस, आता तुझी सोयरीक जमली. ती डोळे उघडे ठेवून तुमच्याकडे बघत होती. ऊन उतरलं तशी ती गेली. तुम्ही तिला माझ्या मांडीवर ठेवलंत आणि कुदळ घेऊन शेताकडे गेलात.

त्यानंतर तुम्ही देवाचं काही सोडलं नाहीत. एकादशी नाही चुकवलीत, पोथी नाही चुकवलीत. फक्त कुणाच्याच पाचवीला बसला नाहीत. थोरल्याला पोरगा झाला तेव्हासुद्धा पाणी धरायचंय म्हणून शेतावर गेलात. मला वाटायचं, पोरगी आठवते म्हणून टाळता. मी कधी विचारलं नाही.

आणि जाताना माझं मनगट धरून सांगितलंत, "त्या हातावर काईच न्हवतं. एक रेघबी न्हवती. तुला जड जाऊ नये म्हणून बोललो. ती आलीच न्हाई गं. मी उगंच बोलावलं."

इतकी वर्षं हे ओझं घेऊन पोथी वाचत होतात? कुणाला वाचून दाखवत होतात मग? आणि मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही?

आता माझं ऐका.

तुम्ही शेताकडे गेलात, सासूबाई पाणी तापवायला मागे गेल्या, तेव्हा मी तिची मूठ उघडली. हात अजून गार झाला नव्हता. तळहात रेघांनी भरलेला होता. रेघेवर रेघ, बोटांच्या पेरांपासून पार मनगटापर्यंत. जन्मभर ज्वारी काढलेल्या सासूबाईंच्या हातावरही इतक्या रेघा नव्हत्या. मी अंगठा फिरवला. रेघा ओल्या होत्या. माझ्या अंगठ्याला काजळासारखं काळं लागलं. मी भ्याले, मूठ मिटवली आणि अंगठा पदराला पुसला. तेवढ्यात तुम्ही तिला न्यायला आलात.

मी बोलले नाही, कारण तुम्ही वाचलंय असं मी धरून चालले होते. सकाळी तुम्हीच तर सांगितलं होतंत!

सकाळी हात कोरा होता, तुम्ही म्हणता. असेल. संध्याकाळी नव्हता. दिवसभर तुम्ही ती मूठ धरून बोलत होतात. मग लिहिलं कुणी? सटवाई उशिरा आली की तुम्ही बोलत गेलात तसं उमटत गेलं? मला नाही ठाऊक. पण खोटं बोलला नाहीत तुम्ही. शाळा, आंबे, सोयरीक, सगळं होतं त्या हातावर.

ती आता तुमच्याजवळच असेल. तिचा हात धरून बसा, पण मूठ उघडू नका. तुम्हाला बारीक अक्षर लागत नाही, काहीबाही वाचाल. मी येईन तेव्हा तिला मांडीवर घेईन आणि पहिल्या रेघेपासून तुम्हाला वाचून दाखवीन. एकही रेघ गाळणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुमन