खलबत्त्याचा ठोका

प्रिय दादा,

सोमवारी मला जहाजावर रुजू व्हायचं आहे. तुझंच काम, तशाच केबल. आई अजून हो म्हणत नाही. मग कोणाला विचारू? म्हणून तुला लिहितोय.

बॅग भरतो, उपसतो, पुन्हा भरतो. तू असतास तर हसला असतास!

सुट्टीवर आलास की तुला झोप यायची नाही, आठवतं? जहाजावर थोड्या थोड्या सेकंदांनी हवेच्या बंदुकीचा दणका, त्याचीच सवय. चिकलठाण्यातल्या आपल्या खोलीत दुपारी सामसूम झाली की दचकून उठायचास, "बंदूक बंद पडली का?" शेवटी आई खलबत्ता घेऊन बसायची. ती कुटत राहायची आणि तू घोरायचास. शेजारच्या काकू विचारायच्या, "एवढी चटणी कुणाला वं?"

"खायला नाय बाई, पोराला झोपवायला!"

त्या ठोक्यांवरच तू मला काम समजावलंस. दणका समुद्राच्या तळाखाली जातो, थराथरावर आपटून परत येतो, आणि जहाजामागच्या लांबलचक केबलमधले कान तो टिपतात. किती उशिरा आला त्यावरून गाळ किती जाड, खडक कुठं वाकलाय, तेल साठायला जागा आहे का, याचा अंदाज बांधायचा.

"सगळं ऐकू येतं?" मी विचारलं होतं.

"नाय रे. आपल्या वेरूळच्या डोंगराचा काळा दगड तिकडं समुद्राखालीबी पसरलाय. त्याच्या खालून लई बारीक आवाज येतो. तिथं धीर धरावा लागतो."

एवढा धीर शिकवणारा तू, मग जालना रोडवर मोटारसायकलची कसली घाई होती रे? समुद्रानं सांभाळलं, आणि घर हाकेच्या अंतरावर असताना रस्त्यानं तुला नेलं! मला राग येतो, दादा.

तेव्हापासून खलबत्ता फडताळात आहे. मी जहाजाचा विषय काढला की आई उठून आत जाते. आज सकाळीही तशीच गेली. न सांगता निघू का? की जाऊच नको?

थांब. आतून ठोका येतोय.

बघून आलो. आई जमिनीवर बसलीय, पुढं खलबत्ता. त्यात दाणे नाहीत, काहीच नाही. रिकामाच कुटतेय.

"आई, हे काय?"

माझ्याकडं न बघता म्हणाली, "जाऊन पड. आत्तापासून सवय कर. तिकडं झोप नाय लागली तर काम कसं करशील?"

तेवढंच लिहायला परत आलो.

दादा, एक शब्द देतो. बंदरावर उतरलो की घरापर्यंतच्या रस्त्यावर घाई करणार नाही. आणि तो खलबत्ता पुन्हा फडताळात जाऊ देणार नाही.

आता जातो. ती थकायच्या आत झोपायला हवं.

तुझा धाकटा,
सुधीर