तिसरं ठाण

४ नोव्हेंबर
जेसीबी येणार! मालकाचा माणूस दारातूनच सांगून गेला — महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा, पागा पाडायची आहे. पागा म्हणजे आमचं घर. इंग्रज साहेबाच्या घोड्यांसाठी बांधलेली. साहेब गेला, घोडे गेले, माझ्या नवऱ्याचा, विनोदचा आजा तेवढा राहिला. तो घोड्यांना खरारा करायचा. आत्याबाई ऐकून गाठोडी बांधायला लागल्या. सासू असली तरी वाईट वाटलं. या वयात त्यांनी दौंडात खोल्या हुडकत हिंडायचं?

९ नोव्हेंबर
पुण्याहून प्रांजल नावाची पोरगी आली. जुन्या इमारतींचं शिकते. म्हणाली, मी लिहिते, पेपरात आलं की पाडणं सोपं जात नाही. मग काय, सगळं दाखवलं! फरसबंदी चौक, त्याचा उतार मधल्या गटारीकडं — घोड्यांचं मूत वाहून जावं म्हणून. कमानीवरचं बंद घड्याळ. दोन फळ्यांची दारं, खालची लावायची आणि वरची उघडी, घोड्यानं मुंडी बाहेर काढावी म्हणून. मीपण तशीच उभी राहते. भिंतीतल्या कड्या, त्यांना आमच्या पोरांचे पाळणे टांगले. कोपऱ्यात दगडी गव्हाण, तिच्यात माझे कांदे.
खोल्यांना काय म्हणता, विचारलं तिनं. घोडा बांधायची जागा म्हणजे ठाण, आम्ही पहिल्यापासून तेच म्हणतो. "आमचं तिसरं ठाण. लई जुनं हाय," मी ऐटीत सांगितलं.

१४ नोव्हेंबर
पेपरात आलं! माझ्या नावासकट! पण मथळा काय — 'पागेत पुरातन ठाण'. घोड्याचा पत्ताच नाही, वाचणाऱ्याला वाटावं देवाचंच ठाण.

१६ नोव्हेंबर
सत्यजीत आला, बड्या बागायतदाराचा पोरगा, यंदा निवडणुकीला उभा राहणार. मागं पोरांचा घोळका. ठाण कुठंय म्हणाला. मी येडी, वाटलं खोली बघायचीय. नेलं आत. त्यांनी कांदे काढून खाली ठेवले, गव्हाणीला शेंदूर फासला, नारळ फोडला. वर भिंतीवर आमचे बुद्ध आणि बाबासाहेब, खाली हे! मी कांदे पदरात गोळा केले.

१८ नोव्हेंबर
मालक गार पडला. देवाच्या जागेवर जेसीबी कोण घालणार? विनोद म्हणाला, गप राहा, छप्पर तर वाचलं. राहिले गप. शेजारच्यांनाही गप बसवलं. हसूपण आलं — देव न मानणाऱ्यांना देव पावला!

२३ नोव्हेंबर
सकाळपासून खोलीत दर्शनाची रांग, रात्री भजन. आत्याबाई थंडीत बाहेर चौकात झोपतात, खोकतात. चूल पण बाहेर. कुणी विचारत नाही, हे घर कुणाचं.

२८ नोव्हेंबर
सत्यजीत गोड बोलून सांगून गेला — देवाच्या ठाणात संसार बरा दिसत नाही, आठ दिवसांत मोकळं करा. बाकीच्या खोल्यांचं भक्तनिवास करायचंय. म्हणजे सगळ्यांनीच जायचं! आगीतून फुफाट्यात. आणि वर गोड बोलायचं. मेल्याचं तोंड बघवेना.
विनोदचं डोकं फिरलं. आरती चालू होती, तो सगळ्यांपुढं जाऊन उभा राहिला. "ही घोड्याची गव्हाण हाय. हितं देव न्हाई, घोडं बांधत व्हते. माझा आजा त्यांची लीद काढायचा."
आरती थांबली. मग मारायला लागले. मी मधी पडले, मला ढकललं. पोलीस आले आणि विनोदलाच घेऊन गेले. म्हणे, भावना दुखावल्या.

२९ नोव्हेंबर
चौकीत साहेबानं पेपर पुढं केला. "बाई, हे तुमचंच म्हणणं ना? ठाण आहे का नाही?" सत्यजीत शेजारच्या खुर्चीत. आतून विनोदचं कण्हणं ऐकू येत होतं.
"हाय," मी म्हणाले. "देवाचंच हाय."
त्याला सोडलं. मी हात धरायला गेले, तो झटकून पुढं चालायला लागला.