म्हाळूचं जहाज पुन्हा बुडव

न्हावरे, ता. ११ एप्रिल २००४

माझ्या मेलेल्या भावाला परत आणायला तुला कुणी सांगितलं होतं?

चि. सम्राट यास आजी ताईबाईचा आशीर्वाद आन् जयभीम.

काल संपतच्या दुकानात तुझ्या मामीआजीचा, बयाबाईचा, फोन आला. म्हाळूचं पुण्यानुमोदन थांबवा म्हणाली. कारण काय, तर तुझ्या कंप्युटरात त्याचं जहाज बुडलं न्हाई! एकाहत्तरच्या लढाईत समुद्रात गेलेला माणूस, हाडंबी घावली न्हाईत, आन् दौंडला रेल्वेच्या क्वार्टरात खुर्चीवर बसून तू त्याला वाचवलास. शाब्बास.

बाईला वळवता वळवता माझे केस गेले. नवऱ्याचा फोटो भिंतीवर लावू देईना, त्याच्यापुढं मेणबत्ती लावू देईना. मेलेल्याचं करत्यात, माझा कुठं मेलाय म्हणायची. यंदा कुठं हो म्हणाली. शिरूरला भंतेजींकडं सांगावा गेला, वैशाखी पौर्णिमा ठरली. मोतीबिंदू काढायला तिला तुझ्याकडं धाडली, तर नव्या डोळ्यांना तू हे दाखवलंस.

मी थकले रे. पाठच्या भावाला चार माणसांत निरोप द्यायचा, एवढंच माझं ऱ्हायलंय. तू ते जहाज पुन्हा बुडव. जसं बुडालं तसं. फोनवर भांडता येत न्हाई, संपतचं सगळं गिऱ्हाईक कान टवकारतं, म्हणून बोटं मोडत लिवलंय.

तुझी आजी, ताईबाई


दौंड, ता. १६ एप्रिल २००४

ती. आजीस सम्राटचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचून पंख्याखाली घाम फुटला.

हा उद्योग मी मामीआजीसाठी केला नव्हता. ड्यूटी संपली की मी विमानांच्या लढाईचा गेम खेळतो, हे तुला माहीत आहे. त्यात जुन्या लढाया घडल्या तशा मांडता येतात. कुठलं जहाज कुठं, विमानं कधी उडाली, सगळं आपण ठरवायचं. पुस्तकं वाचून मी मामाआजोबांच्या जहाजाची लढाई मांडली. गेममध्ये आपल्या नौदलाची जहाजं नाहीत, म्हणून परक्या जहाजाला आपला नंबर घातला. नेमकी त्याच आठवड्यात मामीआजीच्या डोळ्याची पट्टी निघाली. ती मागे येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही. हे कुठलं पाणी, असं तिनं विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही.

पहिल्यांदा खरं घडलं तेच दाखवलं. पाणबुडीनं घाव घातला, जहाज गेलं. ती उठली, भाकरी थापायला गेली आणि तव्यावरची करपून काळी झाली तरी उलटेना. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मी विमानं आधीच पाठवून पाणबुडीवर बॉम्ब टाकले. जहाज पुढं निघून गेलं. आता ती रोज स्टूल घेऊन शेजारी बसते आणि हुकूम सोडते, की विमानं आज जरा लवकर काढ, काल फार उशीर केलास.

आजी, तू बुडव म्हणतेस. ती शेजारी असताना माझा हात उठत नाही. तूच काही मार्ग सांग. माझ्यावरचा लोभ या एका चुकीनं आटू देऊ नकोस.

तुझा, सम्राट


न्हावरे, ता. २० एप्रिल २००४

हात उठत न्हाई म्हंजी? वाचवायला बरा उठला!

चि. सम्राट यास आशीर्वाद. बयाबाई खुळी हाय असं धरून चालू नको. नवरा गेल्यावर तिनं कॅनॉलच्या कामावर दगड फोडले, कुणाच्या दारी गेली न्हाई. तिला सगळं कळतंय. तिला आवडतंय म्हणून ती बसती, आन् तुला आवडतंय म्हणून तू बसवतोस. हे पत्र तिला वाचून दाखव, शिव्यांसकट. न्हाईतर मी यष्टीत बसते आन् ते यंत्र येताना घोडनदीत टाकते.

आजी


दौंड, ता. २५ एप्रिल २००४

ती. आजीस सविनय जयभीम. वि. वि. पत्र वाचून दाखवलं. शिव्यांना मामीआजी हसली. वन्संचं तोंड म्हातारं झालं नाही म्हणाली.

मग तिनं विचारलं, की पाणबुडी कुठं दडली आहे हे विमानांना आधीच कसं ठाऊक असतं. मी सांगितलं, की पुस्तकात वाचून ते मी ठरवतो. मग त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं, असं तिनं विचारलं. कुणालाच नाही, मी म्हणालो. तिनं मला माउसवरचा हात काढायला लावला. विमानं धावपट्टीवरच राहिली. ती शेवटपर्यंत बघत होती. पाणी सपाट झालं तरी उठली नाही. मग एवढंच म्हणाली, की कुणी चुकलं नव्हतं म्हणायचं.

तिनं सांगितलंय, की वन्संना कळव, पौर्णिमेला येते. वर्दीतला फोटो तिनं सोबत आणलेल्या ट्रंकेत आहे, त्याला काच बसवून आणते. फक्त तिच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. गेम मी काढून टाकलेला नाही, पण ती आता समोर बसत नाही. मलाही करमत नाही.

तुझा, सम्राट


न्हावरे, ता. २९ एप्रिल २००४

बांगड्यांना कोण हात लावतंय? धम्मात असली फोडाफोडी न्हाई, आन् असती तरी त्या बाईचं मनगट धरायची माझी टाप न्हाई.

चि. सम्राट यास आशीर्वाद, बयाबाईला जयभीम. भंतेजींना पुन्हा सांगावा दिलाय. खिरीला तांदूळ निवडून ठेवलेत. काल फोटोसाठी भिंतीत खिळा ठोकला आन् तिथंच खाली बसले ती उठलेच न्हाई. इतकी वर्षं घाई माझीच व्हती. आता कशाची घाई व्हती तेच ध्यानात येईना.

एक विचारायचं हाय, हसू नको. जहाज वाचायचं तवा ते पुढं कुठं जायाचं? बंदराला लागताना बयाबाईनं कवा बघितलं का? वर माणसं उभी दिसायची का, आन् त्यातला म्हाळू कुठला, हे तिनं मनाशी धरलं व्हतं का?

तू यंत्रातलं सांगशील, ते मला नको. तू गप ऱ्हा. उत्तर बयाबाईनंच द्यायचं. ती बोलंल तसं लिव्ह, एक अक्षर सुधारू नको.

ताईबाई