मागच्या काचा

१२ मे, सोमवार
गाडीच्या मागच्या दोन्ही काचा खाली होत नाहीत. पुढच्या होतात. रविवारी कळवणला लेकीचा, वेदिकाचा, साखरपुडा. एसी गेल्या वर्षीपासून बंद (तोही मीच बघणार आहे). या उन्हात मागे बसणाऱ्यांचं भरीत होईल. ती म्हणते, पंचवटीतल्या नियाजभाई मेकॅनिकना दाखवा. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेल्या माणसाने नियाजला दाखवायचं. उद्या तासाभराचं काम.

१३ मे, मंगळवार, सकाळी ७
सगळे फ्यूज चांगले. म्हणजे दोष खोल आहे. हिने गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आणून दिलं. ज्यांना गाडी कळत नाही त्यांच्यासाठी पुस्तक असतं, असं सांगून परत पाठवलं.

सायं. ५
मागच्या डाव्या दाराचं पॅड काढलं. चार क्लिपा तुटल्या. प्लास्टिकच्या. हल्ली माणसंही तशीच. स्विच ठणठणीत.

१५ मे, गुरुवार
यूट्यूबवरचा एक दाढीवाला म्हणतो, काचांचा मेंदू म्हणजे मॉड्यूल, तो डॅशबोर्डखाली. दाढीवाल्याला पक्कड धरता येत नाही, पण मुद्दा बरोबर. उताणा झोपून शोधला. काळा डबा. मान आखडली. पाचही सॉकेट ओढून काढले, फुंकर मारली, परत लावले. बहुधा त्याच जागी.

१६ मे, शुक्रवार
गाडी चालू होत नाही. वायपर मात्र बंद होत नाहीत. म्हणजे करंट येतोय. प्रगती.

दुपारी
वेदिकाने परस्पर नियाजला बोलावलं. त्याने वाकून बघितलं, विचारलं, काका, हे कोणी खोललं? आधीच्या मेकॅनिकने, मी म्हणालो. वेदिका माझ्याकडे बघत राहिली. सॉकेटची पिन मोडलीय, नवीन यायला मंगळवार उजाडेल, म्हणे. अडाण्याला दुसरं काय सुचणार.

१८ मे, रविवार, दुपारी ४, कळवण
होणाऱ्या जावयाने, समाधानने, सकाळी पिकअप पाठवली. पुढे ही आणि वेदिका. मी मागे, उघड्यावर, आहेराची परात धरून. वारा भरपूर. वणीपाशी टोपी उडाली.

साखरपुडा चांगला झाला. वेदिका शुक्रवारपासून माझ्याशी बोललेली नाही.

पंगतीत नियाजचा फोन. हात बरबटलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. काका, एक विचारायचं राहिलं. ड्रायव्हरच्या दारावर काचेचं चित्र असलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की मागच्या काचा लॉक होतात. ते दाबलेलं नाही ना?

ते मी सगळ्यात आधी बघितलं, असं सांगितलं. मग फोन ठेवला.

व्याही शेजारीच होते. म्हणाले, आमच्याही गाडीत आहे तसलं बटण. आमची चार वर्षांची नात सारखी दाबते. परत सोडतेही तीच.

आमचं मॉडेल वेगळं आहे, मी म्हणालो.

समोरच्या पाटावर वेदिका हसली. मग ही. मग समाधान.

मी भात मागितला.